दम परततो तेव्हा : ‘वंशवृक्ष’चे एक हिवाळी वाचन

पन्नाशी उलटल्यावर माणसाने पळावे की नाही, या प्रश्नावर आमच्या टिळकवाडीत दोन तट आहेत. एका तटात डॉक्टर आणि मी; दुसऱ्या तटात उरलेले सगळे. काही वर्षांपूर्वी रक्तातील साखर वाढली आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले. चालता चालता एका थंडीत मी पळू कधी लागलो, हे मलाही नीट सांगता येणार नाही. बहुधा थंडी वाजत होती म्हणूनच असेल. मुख्याध्यापकाने कानटोपी घालून अर्ध्या विजारीत रस्त्याने पळावे, हे सुरुवातीला कोणालाच रुचले नाही. दुसऱ्या गेटापाशी रोज भेटणारे दूधवाले काका तर सायकलवरून उतरून म्हणाले होते, “सर, ह्या वयात हे काय काढलासा? कोण मागं लागलंय काय?”

तेव्हा मागे कोणी लागले नव्हते. गेल्या हिवाळ्यात मात्र एक कादंबरी खरोखरच माझ्या मागे लागली. तिच्याविषयीच हे चार शब्द.

२४ सप्टेंबर २०२५ रोजी बेंगळूरला डॉ. एस. एल. भैरप्पा यांचे निधन झाले. बातमी ऐकल्यावर मी कपाटातून ‘वंशवृक्ष’ काढली. मूळ कन्नड कादंबरी १९६५ सालची. मराठीत ती सौ. उमा कुलकर्णी यांनी आणली आणि त्या अनुवादाला १९८९ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. धारवाडला एम. ए. करीत असताना मी ती दोन रात्रींत वाचून संपवली होती आणि वाचून झाली म्हणून समाधान मानले होते. या खेपेस ठरवले की घाई करायची नाही. रात्री वीस-पंचवीस पाने वाचायची, पुस्तक मिटायचे, आणि पहाटे पळताना वाचलेले घोळवायचे. कानात गाणी नाहीत, सोबत कोणी नाही. कार्तिकात सुरू केलेली कादंबरी मार्गशीर्ष सरता सरता संपली.

बेळगावची थंडी वाचकांना मी काय सांगावी! समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवरचे हे गाव. डिसेंबरात पारा तेरा-चौदा अंशांपर्यंत उतरतो. व्हॅक्सिन डेपोच्या जुन्या झाडीत धुके इतके दाट असते की समोरून येणारा माणूस आधी खोकल्यावरून ओळखावा लागतो. काँग्रेस विहिरीपासून निघायचे, रेल्वेमार्गाच्या कडेकडेने तिसऱ्या गेटापर्यंत जायचे आणि परत फिरायचे, हा माझा नेम. १९२४ च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले ते इथेच, आणि ती विहीर त्या अधिवेशनासाठी खोदलेली. ऐन थंडीत देशभरातून आलेल्या मंडळींनी तंबूंत रात्री कशा काढल्या असतील, असा विचार तिथून पळायला सुरुवात करताना मनात येतोच.

थंडीत पळणे सुखाचे, असे जे म्हणतात ते पहिल्या दहा मिनिटांना लागू नाही. त्या वेळी पोटऱ्या आखडलेल्या असतात, गार वारा घशाला झोंबतो, छाती भात्यासारखी हलते आणि मन शंभर सबबी काढते. शरीर एकाएकी जास्त प्राणवायू मागू लागते आणि हृदय व फुप्फुसे ती मागणी लगेच पुरवू शकत नाहीत. तेवढा वेळ नेटाने काढला की श्वास आणि पाय यांचे जमते. खेळाडू याला दम परतणे म्हणतात. मग थंडीच कामाला येते. अंगातील उष्णता सहज बाहेर पडते आणि उन्हाळ्यात जीव काढणारे अंतर हसत पार होते.

विचारप्रधान कादंबरीचे नेमके असेच असते, असे माझे मत आहे. जपानी कादंबरीकार हारुकी मुराकामी यांनी आपल्या पळण्यावर २००७ साली एक पुस्तक लिहिले. त्यांना पळताना लेखनाची तयारी करायची असते. माझ्यासारख्या सामान्य वाचकाचा अनुभव वेगळा, पण त्याच रस्त्यावरचा आहे. ‘वंशवृक्ष’ची पहिली शंभरेक पाने मला आखडलेल्या पोटऱ्यांसारखीच वाटली. धर्मशास्त्राच्या चर्चा, गृहस्थाश्रमाची मीमांसा, इतिहासलेखनाची उद्दिष्टे यांतून वाट काढत जावे लागते. आजच्या वाचकाला तिथे पुस्तक मिटावेसे वाटले तर मी त्याला दोष देणार नाही. एवढेच सांगेन की अजून दम परतायचा आहे.

कथानक थोडक्यात असे. म्हैसूरजवळ कपिला नदीच्या काठी नंजनगूड हे क्षेत्र. तिथले श्रीनिवास श्रोत्री म्हणजे विद्वान, सदाचारी, घरंदाज गृहस्थ. त्यांचा एकुलता मुलगा नदीत बुडून गेला आहे. मागे तरुण सून कात्यायनी आणि तान्हा नातू चीनी. अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करावे म्हणून कात्यायनी रोज आगगाडीने म्हैसूरच्या कॉलेजात जाऊ लागते. तिथे राज या तरुण प्राध्यापकावर तिचे मन जडते आणि ती त्याच्याशी विवाह करते. मुलाला न्यायला ती सासरी येते खरी, पण त्याला न घेताच परत जाते. कारण श्रोत्रींच्या मते मूल वंशाचे असते. दुसरीकडे राजचे थोरले बंधू सदाशिवराव. भारताच्या सांस्कृतिक इतिहासाचे खंड लिहिण्याच्या ध्यासापायी हे विद्वान गृहस्थ संसारी पत्नी नागलक्ष्मी घरात असताना सिंहली विद्यार्थिनी करुणा हिच्याशी दुसरे लग्न करतात. ज्ञानाचा वंश वाढवायला अशी सहचारिणी हवी, ही त्यांची समजूत. एका घरात रक्ताचा वंश आणि दुसऱ्यात विद्येचा, अशी ही जुळणी आहे.

एम. ए. च्या वयात मी डोळे मिटून कात्यायनीच्या बाजूने होतो. तरुण विधवेने जगावे की जळावे, यात विचार करण्यासारखे आहे तरी काय, असे वाटायचे. या हिवाळ्यात मात्र बाजू बदलत राहिली आणि ती रस्त्यावर बदलली. रात्री पुस्तक मिटताना एक मत असायचे आणि सकाळी तिसऱ्या गेटावरून वळेपर्यंत दुसरे झालेले असायचे. सुनेच्या शिक्षणाला आडकाठी न करणारे श्रोत्री आधी उदार वाटले. दोन किलोमीटर गेल्यावर वाटले, हे औदार्य आहे, पण मूल कोणाचे हे ठरवण्याचा हक्क त्यांनी आपल्याकडेच ठेवला आहे. कात्यायनी मुलाला न उठवता परत जाते तो प्रसंग वाचल्यावर मी तिच्यावर रागावलो होतो. आई असून अशी कशी गेली? सकाळी रेल्वे फाटक बंद होते. गाडी जाईपर्यंत जागच्या जागी पाय हलवत उभा होतो. डबे समोरून जात होते तेव्हा कळले की ही बाई रोज दोन घरांच्या मधल्या गाडीत बसलेली आहे. नंजनगूडला ती सून आहे, म्हैसूरला विद्यार्थिनी. स्वतःच्या इच्छेचा विचार तिला करता येतो तो त्या डब्यातच. भैरप्पांनी हा गाडीचा प्रवास पुन्हा पुन्हा आणला आहे. तिच्या मनात जे घडते ते भाषणांतून सांगितले असते तर आपल्याला पटले नसते. रोजच्या जाण्यायेण्यातून ते हळूहळू अंगी लागते.

इथे मला समीक्षेतील एका प्रचलित समजुतीविषयी बोलायचे आहे. विचारप्रधान कादंबरी म्हणजे जिच्यात विचार खूप मांडले आहेत ती, असे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. मीही शिकवले आहे. ‘वंशवृक्ष’ पळता पळता वाचल्यावर ते चुकीचे वाटू लागले. या कादंबरीत जिथे विचार मांडलेले आहेत, तिथेच ती सर्वांत कमी विचार करायला लावते. श्रोत्री आणि सदाशिवराव यांच्या शास्त्रचर्चा सकाळपर्यंत माझ्या सोबत एकदाही आल्या नाहीत. नागलक्ष्मी मात्र रोज आली. नवऱ्याने टाकल्यासारखी झालेली ही बाई वह्यांमागून वह्या रामनाम लिहीत बसते. तिला कोणताही सिद्धान्त मांडता येत नाही. पण दोन प्रकारचे वंश वाढवायला निघालेल्या सगळ्या विद्वानांना तिची ती वही निरुत्तर करते. अशा वह्या आपल्यापैकी अनेकांच्या घरच्या माळ्यावर सापडतील. त्या कोणत्या दुःखावर लिहिल्या गेल्या, हे आपण कधी विचारलेले नसते.

कादंबरीचे दोषही सांगितले पाहिजेत, नाहीतर ही समीक्षा न होता आरती होईल. पहिला दोष करुणा. ती विदुषी आहे, त्यागी आहे, आणि फार क्वचित हाडामासाची आहे. सदाशिवरावांच्या ग्रंथाला जशी मदतनीस हवी तशी ती घडवलेली आहे. दुसरा दोष अधिक गंभीर. पुनर्विवाहानंतर कात्यायनीचे वारंवार गर्भपात होतात, ती खंगत जाते आणि अखेर मरते. लेखकाने परंपरेच्या वतीने तिला शिक्षा दिली, असा आक्षेप घेतला जातो आणि तो सहज झटकून टाकण्यासारखा नाही. राजलाही दुःख होते, पण शरीर झिजते ते तिचे. निसर्गाच्या नावाने लेखकाने तराजूच्या एका पारड्यावर बोट ठेवले आहे, असे मलाही दोन-तीन सकाळी वाटत राहिले.

पण शेवटाकडे भैरप्पा तीच सुरी श्रोत्रींवर फिरवतात. ज्या वंशासाठी या माणसाने सुनेला मुलापासून तोडले, त्या वंशाचे रक्त आपल्याच अंगात नाही, हे त्याला उतारवयात कळते. भावाकडे इस्टेट जाऊ नये म्हणून आपला जन्म दुसऱ्या पुरुषापासून घडवून आणला गेला, हे सत्य त्याच्यापुढे येते. ज्या झाडाची तो आयुष्यभर राखण करीत आला, त्या झाडाची तो स्वतःच फांदी नाही. तेव्हा श्रोत्री सबब शोधत नाहीत. सगळे सोडून बाहेर पडतात. आणि जाता जाता मरणाऱ्या कात्यायनीपाशी तिच्या मुलाला आणून उभे करतात, तिचे शेवटचे संस्कार त्याच्या हातून व्हावेत म्हणून. आई ज्या कॉलेजात शिकवते त्याच कॉलेजात शिकणारा, तिला ओळख न देणारा तो मुलगा! इतक्या उशिरा केलेला न्याय हा न्याय म्हणायचा का? कादंबरी याचे उत्तर देत नाही. त्या दिवशी मी नेहमीपेक्षा एक फेरी जास्त पळालो.

याच १९६५ साली कन्नडमध्ये यू. आर. अनंतमूर्ती यांची ‘संस्कार’ आली. तिथेही एक शास्त्रनिष्ठ ब्राह्मण आहे, प्राणेशाचार्य. त्यांचीही जमीन पायाखालून सरकते, आणि तेही गाव सोडून चालू लागतात. दोन्ही कादंबऱ्यांवर चित्रपट झाले. ‘वंशवृक्ष’ १९७२ मध्ये बी. व्ही. कारंत आणि गिरीश कार्नाड यांनी पडद्यावर आणली. वाद घालणाऱ्यांनी या दोन लेखकांना पुढे आयुष्यभर एकमेकांसमोर उभे केले. मला मात्र त्या दोघांत एक साम्य जाणवते. पोथीतील उत्तर संपले की दोघांचेही नायक पायांवर विसंबतात. आपल्याकडे वारकऱ्यांना हे कोणी नव्याने सांगायला नको. काही गोष्टी बसून कळत नाहीत.

आता अनुवादाविषयी. उमाताई मूळच्या आपल्या बेळगावच्या, हे या अंकाच्या वाचकांना अभिमानाने सांगावेसे वाटते. त्यांच्या अनुवादाची पद्धतही सर्वश्रुत आहे. त्यांचे पती विरूपाक्ष कुलकर्णी कन्नड पुस्तक मोठ्याने वाचत आणि उमाताई ते ऐकून मराठीत लिहीत. विरूपाक्ष स्वतः मराठीतले कन्नडमध्ये नेत. म्हणजे एकाच घरात दोन्ही दिशांची वाहतूक! कानावरून आलेले वाक्य आणि डोळ्यांवरून आलेले वाक्य यांत फरक पडतो. मोठ्याने वाचणाऱ्याला मध्ये श्वास घ्यावा लागतो आणि तो श्वास मराठी वाक्यातही उरतो. मी मूळ कन्नडही शेजारी ठेवले होते. शाळेत शिकलेले माझे कन्नड अडखळत चालते, तरी काही पाने दोन्ही भाषांत मोठ्याने वाचून पाहिली. श्वास साधारण एकाच ठिकाणी घ्यावा लागला. आणि कादंबरीचे नाव? ते तर भाषांतरित करावेच लागले नाही. वंश आणि वृक्ष हे शब्द दोन्ही भाषांना एकाच संस्कृत दुकानातून मिळालेले.

हे नाव माझ्या मागे का लागले, ते सांगून थांबतो. निपाणीकडच्या आमच्या मूळ घरी सोप्यात वंशावळीची एक जुनी चौकट टांगलेली आहे. खाली मूळ पुरुष, वर फांद्या, प्रत्येक पानावर एकेक नाव. पुस्तक निम्मे झाले असताना गावी जाणे झाले आणि मी त्या चौकटीपुढे बराच वेळ उभा राहिलो. त्यात माझ्या आजीचे नाव नाही. ती गोकाककडची, कन्नड घरची. आम्हा भावंडांना भरवताना घास मोजायची ते कन्नडमध्ये, आणि रागावली की कन्नडमध्येच बोलायची. तिचे नाव नाही, आईचे नाव नाही, आणि नेमाप्रमाणे पुढेही माझ्या मुलीचे नाव तिथे येणार नाही.

माझ्या मुलीने हुबळीच्या कन्नड घरात, स्वतःच्या पसंतीने लग्न केले. मी विरोध केला नाही. शिकलेला माणूस विरोध करीत नाही. तो गप्प बसतो. लग्नात मी पाहुण्यासारखा वावरलो आणि पुढे दोन वर्षे कामाच्या सबबी सांगितल्या. नातू झाला, बोलू लागला, आणि फोनवर मला ‘अज्जा’ म्हणाला. मला ते लागले. आयुष्य मराठी शाळेत काढले, मुले वर्गात यावीत म्हणून पालकांची दारे झिजवली, आणि माझ्याच घरातील मूल मला कन्नडमध्ये हाक मारते! या सीमाभागात १९५६ पासून आपण भाषेसाठी जे सोसले, त्याचे मोल मला कमी वाटत नाही, आजही नाही. पण श्रोत्रींना बाहेर पडताना वाचले त्याच्या दुसऱ्या दिवशी, काँग्रेस विहिरीकडे परत येताना, दम परतलेला असताना एकदम आठवले. आमच्या गावी वडिलांच्या वडिलांना आम्ही ‘आज्जा’च म्हणत होतो. ‘आजोबा’ हा शब्द मला शाळेच्या पुस्तकाने शिकवला. मुलगा मला माझ्याच घरातील शब्दाने हाक मारीत होता आणि तो शब्द मला परका वाटत होता.

कादंबरी वाचून माणूस बदलतो, असे मी विद्यार्थ्यांना सांगत आलो. पण त्यावर माझा फारसा विश्वास नव्हता. एका वाचनात बदलत नसेलही. वीस पाने रात्री आणि पाच किलोमीटर सकाळी, असे महिना-दीड महिना चालले तर काहीतरी हलते, एवढे मी सांगू शकतो. जानेवारीत मी हुबळीला गेलो, चार दिवस राहिलो. नातवाला मराठीतून गोष्ट सांगितली, त्याने मला कन्नडमध्ये प्रश्न विचारले. कुठे अडले की त्याची आई मध्ये पडायची.

हा अंक हाती येईल तेव्हा आकाशकंदील लागले असतील आणि पहाटे अंगावर पांघरूण ओढून घ्यावेसे वाटू लागले असेल. त्याच सुमारास एक जाड कादंबरी काढा. कुठलीही चालेल, मात्र पहिल्या शंभर पानांवरून तिचा निकाल लावू नका. आणि पायात बूट घालून बाहेर पडा. टिळकवाडीत असाल तर दुसऱ्या गेटापाशी भेट होईलच. दूधवाले काका आता मला हसत नाहीत. परवा म्हणाले, “सर, सध्या कुठलं पुस्तक पळवायला लागलाईसा?”